पीअर-टू-पीअर सॉफ्टवेअरमधले ट्रान्सपोर्ट प्लगइन: इंटरफेस असा का घडला?

पीअर-टू-पीअर सॉफ्टवेअर, म्हणजे वापरकर्त्यांचे संगणक ज्यातून थेट एकमेकांशी बोलतात ते, लिहायला घेतले की पहिल्या आवृत्तीत टीसीपीचे (डेटा क्रमाने आणि न हरवता पोहोचवणाऱ्या प्रोटोकॉलचे) सॉकेट, म्हणजे जोडणीची टोके, सरळ मूळ कोडमध्येच उघडलेले असतात, आणि त्यात वावगे काही नाही. अडचण दुसऱ्या ट्रान्सपोर्टपासून, म्हणजे डेटा नेण्याच्या दुसऱ्या साधनापासून, सुरू होते. कुणाला यूडीपी (पोहोचण्याची हमी न देणारा प्रोटोकॉल) हवे असते, कुणाला ब्लूटूथ, तर कुणाकडे फायरवॉल फक्त वेबची रहदारी सोडते. मग ठरते की ट्रान्सपोर्टचे प्लगइन, म्हणजे बदलता येणारे सुटे भाग, करू: जोडणे, ऐकणे, पाठवणे, तोडणे अशी चार-पाच फंक्शने नक्की करू आणि उरलेला कोड फक्त त्यांच्याशी बोलेल. ही फंक्शने लिहायला एक दुपार पुरते. वाद त्यांच्या नावांवर कधीच नव्हता. मूळ प्रोग्रामने ट्रान्सपोर्टबद्दल काय काय गृहीत धरायचे, हा वादाचा मुद्दा होता, आणि दर पिढीत एखादे असे गृहीतक उघडे पडले की ते आपण धरले आहे याचा लिहिणाऱ्यांनाच पत्ता नव्हता.

सुरुवात १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीपासून करावी लागते. त्यातल्या सॉकेट इंटरफेसने प्रोटोकॉलचे कुटुंब हा एक वेगळा आकडा ठेवला. इंटरनेट असो वा एकाच यंत्रावरच्या दोन प्रोसेस, कॉल तेच, फक्त हा आकडा बदलायचा. त्या काळी अजून कोणता प्रोटोकॉल टिकणार हेच ठरलेले नव्हते, हे लक्षात घेतले तर हा निर्णय फार दूरदृष्टीचा होता. पण पत्ता ठेवायच्या सर्वसाधारण रचनेत पत्त्यासाठी जागा सोडली १४ बाइटची. तेव्हा ती ऐसपैस वाटली असणार. पुढे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही६, आली, जिचा नुसता पत्ताच १६ बाइटचा. शेवटी १९९९च्या आरएफसी २५५३ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमवार मालिका) सगळे पत्ते मावतील अशी वेगळी, मोठी रचना आणावी लागली. आजही सी भाषेत सॉकेटचा कोड लिहिताना पत्त्याचा पॉइंटर एका प्रकारातून दुसऱ्यात कास्ट करावा लागतो, त्याचे मूळ इथे आहे.

याच सुमारास डेनिस रिची यांनी युनिक्ससाठी स्ट्रीम्स ही व्यवस्था मांडली. तिच्यात प्रक्रिया करणारे मोड्यूल डेटाच्या वाटेत, प्रोग्राम चालू असतानाच, एकावर एक चढवता येत. १९९१ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या नॉर्मन हचिन्सन आणि लॅरी पीटरसन यांनी एक्स-कर्नलमध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले: प्रत्येक प्रोटोकॉलला वरून आणि खालून एकच इंटरफेस, म्हणजे कुणालाही कुणाच्याही खाली बसवता यावे. संशोधन म्हणून ते देखणे होते. रोजच्या वापरात मात्र सॉकेटच जिंकले.

प्लगइनची कल्पना सामान्य वापरकर्त्याच्या संगणकावर पोहोचली ती विंडोजच्या विन्सॉक २ या नेटवर्क-इंटरफेसमधून, आणि तिथे तिची दुसरी बाजूही दिसली. बाहेरच्या कंपनीला स्वतःचा थर नेटवर्कच्या वाटेत घालता येईल अशी सोय त्यात होती. हे थर साखळीसारखे एकमेकांवर रचले जात आणि नेटवर्क वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात चालत. अँटिव्हायरस आणि पालक-नियंत्रणाच्या प्रोग्रामांनी ही सोय वापरली, तशीच जाहिराती घुसवणाऱ्यांनीही वापरली. एखादा थर नीट न काढता पुसला गेला की साखळी तुटे आणि अख्ख्या संगणकाचे इंटरनेट बंद. विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये साखळी मुळापासून पुन्हा बांधण्याची आज्ञाच द्यावी लागली, आणि विंडोज सर्व्हर २०१२पासून मायक्रोसॉफ्टने ही व्यवस्था कालबाह्य ठरवली. परका कोड आपल्या प्रोसेसमध्ये चालवणे किती महाग पडते, याचे यापेक्षा ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

पीअर-टू-पीअरवाल्यांची गरज मात्र या सगळ्यांहून वेगळी होती. नॅप्स्टर १९९९चे, न्युटेला आणि फ्रीनेट २०००चे. या नेटवर्कांत नोड, म्हणजे नेटवर्कमधले एकेक सहभागी, घरगुती संगणकांवर चालत. त्यांचे आयपी पत्ते बदलत, आणि १९९४च्या आरएफसी १६३१ मध्ये तात्पुरता उपाय म्हणून वर्णिलेले नॅट, म्हणजे अनेक संगणकांना बाहेरचा एकच पत्ता वाटून देण्याची सोय, तोवर घरोघरच्या राउटरमध्ये बसू लागले होते. नॅटच्या मागच्या नोडला बाहेरून कुणी हाक मारू शकत नाही. तो स्वतः बाहेर जाऊ शकतो, एवढेच. म्हणजे एक बाजू ऐकत बसेल आणि दुसरी जोडणी करेल, हे सॉकेटचे मूळ चित्रच निम्म्या नोडांना लागू पडेना. त्यातून पहिला धडा निघाला: नोडची ओळख आणि नोडचा पत्ता या दोन गोष्टी आहेत. सन मायक्रोसिस्टिम्सने २००१ मध्ये आणलेल्या जेएक्सटीएमध्ये पीअरला स्वतःचा ओळख-क्रमांक होता आणि पत्ते त्याला वेगवेगळ्या ट्रान्सपोर्टनुसार जोडलेले असत. आज हे उघड वाटते. पण ही फारकत केल्याशिवाय ट्रान्सपोर्टचे प्लगइन करताच येत नाही, कारण प्लगइन बदलला की पत्ता बदलणार, आणि पलीकडचा नोड मात्र तोच राहायला हवा.

या विषयाचा सर्वांत खोलात विचार केला तो ग्नूनेट या पीअर-टू-पीअर प्रकल्पाने. २००३ मध्ये रोनाल्डो फेरेरा, क्रिश्चन ग्रोटॉफ आणि पॉल रूथ यांनी पीअर-टू-पीअर नेटवर्कसाठीच्या ट्रान्सपोर्ट थरावर एक निबंध लिहिला. त्यातला मध्यवर्ती निर्णय साधा होता: मूळ प्रोग्रामने ट्रान्सपोर्टकडून कमीत कमी मागायचे. संदेश पोहोचेलच याची हमी नाही, पाठवल्या क्रमाने पोहोचेल याचीही नाही. टीसीपी या दोन्ही हम्या देते, तर देऊ दे; वरच्या थराने त्यावर विसंबायचे नाही. पहिल्यांदा वाचताना हे वाया घालवणे वाटते. पण उलट टोकाने विचार केला तर कारण कळते. इंटरफेसने विश्वासार्ह प्रवाहाची अट घातली असती, तर यूडीपीच्या प्लगइनला पोच, पुनर्प्रेषण, क्रम हे सगळे स्वतःच्या आत पुन्हा लिहावे लागले असते, आणि तेही दर नव्या प्लगइनसाठी नव्याने.

या निर्णयाचे बळ दाखवणारा त्यांचा प्लगइन होता एसएमटीपीचा, म्हणजे चक्क ईमेलचा. संदेश मेलमध्ये घालून पाठवायचा, पलीकडे मेल चाळणाऱ्या प्रोग्रामने तो ओळखून पाइपमध्ये सोडायचा, आणि तिथून नोडने उचलायचा. मेल उशिरा येते, उलटसुलट क्रमाने येते, कधी येतच नाही. इंटरफेसने काहीच वचन मागितलेले नसल्यामुळे हे सगळे चालून गेले. शिवाय ज्याच्याकडे बाहेरून जोडणी करता येत नाही असा नोडही मेल मात्र स्वीकारू शकतो. व्यवहारात ईमेलवरून कोण फाइली वाटणार, हा प्रश्न रास्त आहे. पण माझ्या मते नव्या इंटरफेसची कसोटी अशाच विक्षिप्त प्लगइनवर घ्यावी. टीसीपी आणि त्याच्यावरच एन्क्रिप्शन चढवणारे टीएलएस अशा दोन भावंडांवर चाचणी केली तर दोघांचीही समान गृहीतके इंटरफेसमध्ये गुपचूप शिरतात.

ग्नूनेटच्या जुन्या आवृत्त्यांत प्लगइन म्हणजे फंक्शन पॉइंटरांची एक रचना, जी शेअर्ड लायब्ररीतून चालताना उचलली जाई. फंक्शनांबरोबर तिच्यात दोन साधे आकडेही होते: एका वेळी जास्तीत जास्त किती बाइट पाठवता येतील, आणि हा ट्रान्सपोर्ट किती ‘महाग’ आहे. पहिला आकडा कुणालाही सुचेल. दुसऱ्यातून पुढचा सगळा गुंता वाढला. एकाच नोडकडे जायला तीन वाटा असतील तर कोणती घ्यायची, हे प्लगइनने ठरवायचे की त्याच्या वरच्याने?

आयटूपी या निनावी नेटवर्कने याला लिलावासारखे उत्तर दिले. पाठवायचा संदेश आला की प्रत्येक ट्रान्सपोर्ट बोली लावतो. जोडणी आधीच उघडी असेल तर बोली कमी, नव्याने उघडावी लागणार असेल तर जास्त; सर्वांत कमी बोलीवाल्याला काम मिळते. त्यामुळे २००५ मध्ये आलेला यूडीपीवरचा ट्रान्सपोर्ट आणि नंतरचा टीसीपीवरचा ट्रान्सपोर्ट एकत्र नांदू शकले, आणि पुढे दोघांच्याही दुसऱ्या पिढ्या मूळ निवडीची पद्धत न मोडता बसल्या. ग्नूनेटने वेगळी वाट धरली. तिथे निवडीसाठी स्वतंत्र सेवाच उभी राहिली. प्लगइन फक्त विलंब, अंतर, जाळ्याचा प्रकार असे गुणधर्म कळवतो, आणि कुणाला कोणत्या पत्त्यावरून किती बँडविड्थ द्यायची याचे गणित ती सेवा सोडवते, त्यासाठी लिनिअर प्रोग्रामिंगपर्यंत, म्हणजे मर्यादांच्या चौकटीत सर्वोत्तम वाटप शोधणाऱ्या गणितापर्यंत, मजल गेली. मला बोलीची पद्धत जास्त पटते, निव्वळ ती डोक्यात मावते म्हणून. पण तिच्यात एक खोट आहे: प्रत्येक प्लगइनने प्रामाणिकपणे आणि एकाच मापाने बोली लावली पाहिजे, आणि बाहेरच्या लेखकांकडून ती अपेक्षा करणे कठीण.

वापरकर्त्याची ओळख लपवणाऱ्या टॉर नेटवर्कच्या वाट्याला हा प्रश्न संशोधनातून नाही, सेन्सॉरशिपमधून आला. फेब्रुवारी २०१२ मध्ये इराणमध्ये एन्क्रिप्टेड रहदारी अडवली जाऊ लागली तेव्हा टॉरची रहदारी टॉरसारखी दिसू न देणारा ऑब्फ्सप्रॉक्सी घाईने लोकांपर्यंत पोहोचवला गेला. सेन्सॉर नवा उपाय ओळखायला शिकला की सोंग बदलावे लागणार, तेही टॉरची नवी आवृत्ती न काढता. म्हणून इथे प्लगइन लायब्ररी म्हणून न येता वेगळा प्रोग्राम म्हणून आला. टॉर त्याला सुरू करताना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सांगतो की कोणते ट्रान्सपोर्ट हवेत. प्रोग्राम आपल्या आउटपुटवर साध्या ओळी छापून कळवतो की मी अमुक पोर्टवर सॉक्स प्रॉक्सी (दुसऱ्याची रहदारी पुढे नेणारा मध्यस्थ) म्हणून उभा आहे. पुढचे सगळे सॉक्समधून. ट्रान्सपोर्टला लागणारी किल्लीसारखी माहितीदेखील सॉक्सच्या वापरकर्ता-नाव आणि पासवर्डच्या रकान्यांत कोंबून पाठवली जाते.

हे वाचून नाक मुरडणारे बरेच असतील, कारण यात सुबक असे काही नाही. पण परिणाम पाहा. ऑब्फ्सप्रॉक्सी आधी सी आणि मग पायथनमध्ये होता, २०१४चे ऑब्फ्स४ आणि मीक गो भाषेत, आणि नंतरचा स्नोफ्लेक तर स्वयंसेवकांच्या ब्राउझरमधून वेबआरटीसी या ब्राउझरांना थेट जोडणाऱ्या तंत्राने रहदारी नेतो. टॉरच्या सी कोडला यातले काहीही माहीत असण्याची गरज पडली नाही. प्लगइन कोसळला तर त्याची प्रोसेस मरते, टॉरची नाही. विन्सॉकच्या साखळीने जे शिकवले होते त्याचे हे उत्तर म्हणता येईल, भले ते त्याच हेतूने दिलेले नसो. किंमत एकच: हा इंटरफेस फक्त क्रमवार, विश्वासार्ह प्रवाह समजतो. टॉरला तेवढेच हवे होते. ईमेलसारखा प्लगइन इथे बसवायचा तर प्रवाहाचा आभास त्याला स्वतःलाच उभा करावा लागेल.

पत्त्याच्या आकाराची १९८३ची गोष्ट दरम्यान पुन्हा घडली. २००९मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनच्या नेटवर्कमध्ये नोड एकमेकांना पत्ते कळवताना १६ बाइटची ठरावीक जागा वापरत. टॉरच्या आत चालणाऱ्या सेवांचे जुने ओनियन पत्ते ८० बिटांचे, म्हणून ते आयपीव्ही६च्या एका राखीव गटाआड लपवून भागवले गेले. टॉरच्या तिसऱ्या पिढीचे पत्ते ३२ बाइटांचे निघाले आणि युक्ती संपली. बीआयपी १५५ या बिटकॉइनच्या सुधारणा-प्रस्तावाने पत्त्याचा प्रकार आणि लांबी सोबत घेऊन जाणारा नवा संदेश आणला, आणि बिटकॉइन कोर या नोडच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या ०.२१ आवृत्तीत तो दाखल झाला.

फाइली वाटून साठवणाऱ्या आयपीएफएसमधून वेगळ्या झालेल्या लिबपीटूपी या लायब्ररीने हे आधीच ओळखले होते. तिथला मल्टिअ‍ॅड्रेस हा स्वतःचे वर्णन स्वतः करणारा पत्ता आहे: आधी आयपी, मग टीसीपी की यूडीपी, पोर्ट, वर कोणता प्रोटोकॉल, शेवटी पीअरची ओळख, असे तुकडे एकामागून एक. प्लगइनला पत्ता दाखवून ‘हा तुला जमेल का?’ एवढेच विचारायचे. तिसऱ्या नोडच्या आधाराने जायचे असेल तर तो नोडही पत्त्याच्याच मधोमध येतो, म्हणजे पत्ता हा एक मार्गच झाला.

लिबपीटूपीला धक्का बसला तो दुसऱ्याच बाजूने. मूळ आराखड्यात ट्रान्सपोर्ट म्हणजे कच्ची जोडणी. तिच्यावर आधी एन्क्रिप्शन चढवायचे, मग एका जोडणीतून अनेक प्रवाह काढणारा थर. टीसीपीसाठी हे अगदी चपखल. क्विक हा प्रोटोकॉल, जो मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० म्हणून प्रमाणित झाला, एन्क्रिप्शन आणि अनेक प्रवाह दोन्ही पोटात घेऊनच येतो. त्याच्यावर पुन्हा तेच थर चढवणे हा शुद्ध मूर्खपणा झाला असता. म्हणून गो भाषेतल्या लिबपीटूपीने करार बदलला: ट्रान्सपोर्टने परत द्यायची ती सुरक्षित, अनेक प्रवाह पेलणारी तयार जोडणी. टीसीपीचा प्लगइन त्यासाठी सामाईक मदतनीस वापरतो, क्विकला त्याची गरज नाही. ग्नूनेटच्या ‘कमीत कमी मागा’च्या हे बरोबर उलट आहे, आणि तरीही इथे योग्य वाटते, कारण लिबपीटूपीच्या वरचे जवळपास सगळे प्रोटोकॉल प्रवाहांवरच लिहिलेले आहेत.

वेबट्रान्सपोर्टने, म्हणजे ब्राउझरमधून अशी जोडणी करण्याच्या पद्धतीने, तर पत्त्याला मुदतही लावली. नोडकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र नसते, म्हणून त्याच्या स्वतःच्या प्रमाणपत्राचा हॅश (ओळख पटवणारा छोटा ठसा) पत्त्यातच घालावा लागतो. आणि असे प्रमाणपत्र १४ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचे असेल तर ब्राउझर ते नाकारतो. साठवून ठेवलेला पत्ता महिन्याभराने चालेल, हे गृहीतकही गेले.

वेळेबद्दलचे गृहीतक सर्वांत स्पष्ट मांडले ते ब्रायर या संदेश-अ‍ॅपने. त्याच्या प्लगइन इंटरफेसमध्ये दोन जाती आहेत: दुतर्फा आणि एकतर्फी. ब्लूटूथ, स्थानिक वायफाय आणि टॉर पहिल्या जातीत. पेनड्राइव्हवर नेलेली फाइल दुसरीत. प्रत्येक प्लगइनला आपला जास्तीत जास्त विलंब किती हे सांगावे लागते, आणि त्यावरून वरचा थर ठरवतो की संदेश पुन्हा पाठवायला किती थांबायचे, किल्ल्या किती काळाने बदलायच्या. पेनड्राइव्हचा विलंब दिवसांत मोजावा लागतो. विलंब हा बहुतेक इंटरफेसांत कुठेतरी खोल दडलेल्या टाइमआउटच्या रूपात असतो. इथे तो कराराचाच भाग झाला.

ग्नूनेटची नवी ट्रान्सपोर्ट-रचनाही याच दिशेला आली आहे. प्लगइनच्या जागी कम्युनिकेटर नावाच्या स्वतंत्र प्रोसेस, त्यांच्याकडून अपेक्षा एकतर्फी आणि विनाहमी पोहोचवण्याची, आणि परतीची वाट वेगळी शोधायची मुभा. तिकडे इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफच्या टॅप्स कार्यगटाने जानेवारी २०२५ मध्ये आरएफसी ९६२१ ते ९६२३ प्रसिद्ध केले. त्यातल्या इंटरफेसमध्ये जोडणी सुरू करणे आणि ऐकणे यांच्या जोडीला रॉन्देव्हू हे तिसरे क्रियापद आहे, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी एकमेकांकडे जाण्याचे, नॅटच्या मागे बसलेल्यांना हवे होते तेच. मात्र हा इंटरफेस प्रोग्राम लिहिणाऱ्यासमोरचा आहे. बाहेरच्या कुणी लिहिलेला ट्रान्सपोर्ट खालून कसा बसवायचा, तो करार अजूनही प्रत्येक प्रकल्प आपापला लिहितो.