बसचं वेळापत्रक गुगल मॅपवर चढवायचंय? अर्ज कुठं अडतो ते आधी वाचा

बेळगावहून पुण्याला रात्रीची गाडी सोडणारे एक मालक पावसाळ्यात माझ्याकडे आले. प्लास्टिकच्या पिशवीत परवाना, शाळेच्या वहीत लिहिलेल्या वेळा आणि तपासणीत तीनदा नापास झालेली झिप फाइल. फाइलीतल्या चुका आम्ही तासाभरात काढल्या. मग मी परवाना उघडून वाचला आणि त्यांना सांगितलं, "हा अर्ज तुम्ही करूच नका." त्यांचे आधीचे दोन महिने फुकट गेले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. परवाना पहिल्या दिवशीच वाचायला हवा होता.

आधी थोडक्यात प्रकार सांगतो. नकाशावर बसच्या वेळा दिसतात त्या जीटीएफएस नावाच्या साच्यातून. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या बससेवेसोबत गुगलनं २००५ मध्ये हा साचा सुरू केला. आता तो सगळ्यांना खुला आहे आणि इतर ॲप्सही तोच वाचतात. संस्था, थांबे, मार्ग, फेऱ्या, थांब्यावरच्या वेळा, चालू दिवस अशा साध्या मजकुराच्या काही फाइली असतात. त्या झिप करून इंटरनेटवर कायमच्या पत्त्यावर ठेवायच्या, गुगलच्या ट्रान्झिट भागीदारीचा अर्ज भरायचा आणि ऑनलाइन करार मान्य करायचा. माहिती तपासून झाली की ती नकाशावर येते. फी एक रुपयाही नाही.

पात्रतेची अट वाचायला सोपी आहे: मार्ग ठरलेला, वेळ ठरलेली आणि कुणालाही बसता येईल अशी सेवा. वडाप यात बसत नाही, कारण ते भरलं की सुटतं. कॉलेजची बसही नाही, तिच्यात बाहेरचा माणूस चढू शकत नाही.

खरी गोची परवान्याची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार स्टेज कॅरेज आणि कॉन्ट्रॅक्ट कॅरेज हे दोन वेगळे परवाने आहेत. पहिला कलम ७२ चा, त्यात वाटेत थांबून प्रवासी घेता-उतरवता येतात. दुसरा कलम ७४ चा, त्यात आधी ठरलेल्या करारावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचं, मध्ये चढ-उतार नाही. आमच्या मालकांचा परवाना दुसरा होता आणि वहीत थांबे होते संकेश्वर, निपाणी, कोल्हापूर. असं वेळापत्रक जगजाहीर करणं म्हणजे परवान्याची अट मोडतो हे आपल्याच हातानं लिहून देणं. फक्त "लक्झरीचा परवाना आहे" एवढ्यावर पुढं जाऊ नका, कागदावरचं कलम बघा.

स्टेज कॅरेज असेल तर दुसरी अडचण येते. परिवहन प्राधिकरणानं मंजूर केलेलं वेळापत्रक गाडीत लावायचं असतं, आणि फाइलीतल्या वेळा त्याच हव्यात. पण गाडी रोज दहा मिनिटं उशिरा सुटते म्हणून लोक वहीतली 'खरी' वेळ भरतात. तसं करू नका. वेळ बदलायचीच असेल तर आधी आपल्या परिवहन कार्यालयात, म्हणजे गाडीचा नंबर केए-२२ चा असेल तर बेळगावला, केए-२३ असेल तर चिक्कोडीला, दुरुस्ती मंजूर करून घ्या. गाडी महाराष्ट्रात जात असेल तर कलम ८८ खालची तिकडची प्रतिस्वाक्षरी परवान्यावर आहे का तेही बघा. तिची मुदत मूळ परवान्याबरोबर चालते. परवाना पाच वर्षांचा, आणि नूतनीकरणाचा अर्ज संपण्याच्या किमान १५ दिवस आधी द्यायचा असतो. शेवटच्या दिवशी धावत आलेले कितीतरी जण मी पाहिलेत.

सरकारी गाड्यांचं काय, असं पोरं विचारतात. खानापूर-जांबोटी, अथणी-मिरज अशा वेळा नकाशावर याव्यात असं वाटणं रास्तच आहे. पण वायव्य कर्नाटक परिवहनच्या गाड्यांसाठी सही त्या संस्थेच्याच अधिकाऱ्याची लागते. तुम्ही फाइल बनवून देऊ शकता, करार करू शकत नाही. त्यामुळे पहिलं काम म्हणजे विभागीय कार्यालयाचं अधिकारपत्र, आणि नेमकं हेच पत्र कुणाकडे नसतं. त्याशिवाय रात्र-रात्र जागून थांबे भरत बसू नका.

वेळापत्रक मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, पण त्यातून मिळते ती माहिती, सहीचा अधिकार नाही. कर्नाटकच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. फी १० रुपये. तीस दिवस मोजायचे ते अर्ज कार्यालयाला मिळाल्यापासून, पोस्टात टाकल्यापासून नव्हे. आणि आपल्या भागातल्या माणसांना हे सांगताना मला जड जातं, पण कायद्याच्या कलम ६ मध्ये भाषा तीनच आहेत: इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. मराठीत लिहिलेला अर्ज परत आला तर भांडायला आधार नाही. तक्रारीचं निवेदन असेल तर गोष्ट वेगळी, घटनेचं कलम ३५० तिथं मराठीची मुभा देतं. माहितीचा अर्ज मात्र कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याकडून लिहून घ्या, नाहीतर इंग्रजीत लिहा.

संस्थेच्या फाइलीत संकेतस्थळाचा पत्ता सक्तीचा आहे. छोट्या मालकाकडे असतो व्हॉट्सॲप नंबर, तो इथं चालत नाही. एक पानाचं साधं संकेतस्थळ आधी करून घ्या, त्यावर मंजूर वेळा लावा.

आता फाइलीतल्या चुका. फाइल हातानं लिहायची भीती वाटत असेल तर कोची मेट्रोच्या कामातून निघालेलं स्टॅटिक जीटीएफएस मॅनेजर हे मोफत साधन ब्राउझरमध्ये चालतं. पण साधन चूक अर्थ दुरुस्त करत नाही. त्या मालकांच्या वहीत असं होतं: बेळगाव १०.००, निपाणी ११.२०, कोल्हापूर १२.१५. फाइलीत बेळगाव २२:००:००, निपाणी २३:२०:०० इथपर्यंत बरोबर भरलं होतं, आणि कोल्हापूरसमोर ००:१५:००. म्हणजे गाडी सुटण्याआधीच पोहोचली! मध्यरात्र उलटली तरी फेरी त्याच दिवसाची धरायची आणि पुढं मोजत जायचं: कोल्हापूर २४:१५:००, पुणे पहाटे पाचला तर २९:००:००. एक्सेलमध्ये हा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा, आणि साठवताना यूटीएफ-८ चा पर्याय निवडा, नाहीतर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात.

झिपमध्ये फाइली थेट असाव्यात. लोक आख्खा फोल्डर झिप करतात, मग उघडल्यावर आत फोल्डर आणि त्याच्या आत फाइली, आणि तपासणी तिथंच थांबते. थांब्याचा अक्षांश आधी, रेखांश नंतर: बेळगाव १५.८५ आणि ७४.५०. उलटं पडलं तर थांबा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो. जाण्याचा आणि येण्याचा थांबा वेगळा नोंदवा, आणि घरी बसून अंदाजानं टाचणी टोचण्यापेक्षा लोक जिथं उभे राहतात तिथं स्वतः उभं राहून मोबाइलवर आकडा घ्या. पाठवण्याआधी मोबिलिटीडेटा या संस्थेच्या मोफत तपासणी-साधनातून फाइल काढा.

थांब्यांच्या नावावरून आपल्याकडे वाद होणारच. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी आहे, आणि थांब्याचं मूळ नाव फलकावर असेल तसंच लिहावं लागतं. तिथं हट्ट करू नका. भाषांतरांची एक वेगळी फाइल असते, तिच्यात प्रत्येक थांब्याचं मराठी नाव भरता येतं, आणि ज्याचा मोबाइल मराठीत आहे त्याला ते दिसू शकतं. ही फाइल ऐच्छिक, म्हणून जवळपास कुणी भरत नाही. मला याचं फार वाटतं. येळ्ळूर, हलशी, नंदगड आपण आपल्या लिपीत लिहिलं नाही तर कुठलं तरी यंत्र 'यल्लूर' करून मोकळं होईल. एका संध्याकाळचं काम आहे, कन्नड नावंही त्याच वेळी भरा.

दिवसांच्या फाइलीत तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग: ३१ मार्च २०२७ म्हणजे २०२७०३३१. सौंदत्ती यल्लम्माच्या जत्रेच्या जादा फेऱ्या अपवादाच्या फाइलीत १ हा आकडा लिहून दाखवतात, बंद फेऱ्या २ लिहून. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये झालं तशा दोन राज्यांतल्या गाड्या थांबल्या तर त्याच दिवशी हा अपवाद घाला. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडे गाडी जात नसताना नकाशा जाते म्हणून सांगत राहिला, तर निपाणी स्टँडवर लेकराबाळांसह ताटकळणारी माणसं आपलीच असतात.

आणि दिवसांच्या फाइलीतली शेवटची तारीख. अनेक जण तिथं परवान्याची पाच वर्षांची तारीख टाकतात, मग बदललेलं वेळापत्रकही वर्षानुवर्षं तसंच राहतं. काही जण तीन महिन्यांची टाकतात आणि विसरतात, ती उलटली की गाड्या नकाशावरून गायब. त्या तारखेपर्यंतच्या, तो दिवस धरून, फेऱ्या दिसतात. पुढच्या मंजूर बदलापर्यंतची तारीख टाका आणि तिच्या महिनाभर आधीची आठवण मोबाइलमध्ये आजच लावून ठेवा.