सेल्फ लागत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी एवढं तपासा

बाइक किंवा स्कूटरच्या सेल्फचं बटण दाबल्यावर नुसतं ‘टक टक’ होतं, हॉर्न घोगरा वाजतो, इंडिकेटर मंदावतात. बॅटरी गेली, असं आपण लगेच ठरवतो. पण अशा बऱ्याच बॅटऱ्या खराब झालेल्या नसतात, फक्त उतरलेल्या असतात. आणि गाडीतच दोष असेल, तर नवी बॅटरीही काही आठवड्यांत तशीच उतरते. म्हणून आधी मोजा. त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

सुरुवात टर्मिनलपासून, म्हणजे बॅटरीला वायर जोडतात त्या टोकांपासून करा. स्क्रू सैल असला किंवा पांढरी-हिरवी बुरशी धरली असली, तर चांगल्या बॅटरीवरही सेल्फ लागत नाही. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडा, बसवताना पॉझिटिव्ह आधी जोडा. हा क्रम उलटा झाला आणि पॉझिटिव्हवरचा पाना चुकून चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) लागला, तर थेट शॉर्ट होतो. बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशने साफ करा, कोरडी पुसा, स्क्रू आवळल्यावर वरून व्हॅसलिनचा पातळ हात द्या. साफ करताना सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका, आतलं ॲसिड त्याने मारलं जातं.

आता व्होल्टेज. गाडी चालवून आल्याबरोबर किंवा चार्जरवरून काढल्याबरोबर मोजलेला आकडा फसवा असतो. चार-पाच तास बॅटरीला स्वस्थ राहू द्या, मग मोजा. १२.६ ते १२.८ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली असेल तर आजच चार्जिंगला लावा. पूर्ण चार्ज करूनही बॅटरी १०.५ च्या आसपास येऊन थांबत असेल, तर आतल्या सहा सेलपैकी एक मेला आहे. प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्टचा, म्हणून एक गेला की हाच आकडा येतो. ती बॅटरी मात्र बदलावीच लागते.

आकडा चांगला असूनही शंका राहिली, तर मीटर लावलेला ठेवून सेल्फ मारा. त्या वेळी व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरीत दम उरलेला नाही.

यानंतर गाडी बॅटरी चार्ज करते की नाही, हे पाहा. इंजिन चालू ठेवून, चांगली रेस देऊन टर्मिनलवर मोजा. १३.५ ते १४.५ यायला हवेत. १३ च्या वर जातच नसेल, तर स्टेटर (इंजिनवर वीज तयार करणारी कॉइल), कपलर (वायरींचा जोड) किंवा रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) तपासून घ्या. १५ च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर गेला आहे. तो बॅटरीतलं पाणी उकळवून उडवतो आणि बॅटरीची बाजू फुगते. फुगलेली बॅटरी बदलताना रेग्युलेटर न तपासणं म्हणजे पैसे पाण्यात.

गाडी उभी असतानाही करंट खाणाऱ्या वस्तू असतात: अलार्म, जीपीएस ट्रॅकर, मोबाइल चार्जर. ट्रॅकर २० मिलीअँपिअर खात असेल, तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर जातो. ४ एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी आठ-नऊ दिवसांत रिकामी! किल्ली बंद करा, निगेटिव्ह वायर सोडा, मीटर १० अँपिअरवर ठेवून टर्मिनल आणि वायर यांच्यामध्ये जोडा. आकडा अगदी कमी दिसला तरच मिलीअँपिअरवर या. मीटर असा जोडलेला असताना किल्ली किंवा सेल्फ लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

चार्जिंगचा हिशेब सोपा आहे: क्षमतेचा दहावा भाग. ४ एएचला ०.४ अँपिअर, ९ एएचला ०.९. अर्ध्या उतरलेल्या बॅटरीला या वेगाने पाच-सहा तास लागतात, रिकामीला दहा-बारा. कारचा मोठा चार्जर लावून तासाभरात भरून घेण्याचा मोह टाळा; छोट्या बॅटरीच्या प्लेटा तापून वाकतात. बॅटरी गाडीतून काढून मोकळ्या हवेत चार्ज करा, कारण हायड्रोजन वायू निघतो. जवळ ठिणगी, बिडी-सिगारेट नको. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही सोडू नका. इंजेक्शनच्या (कार्बोरेटरऐवजी पंपाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत त्या झटक्याने ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो.

पाण्याच्या बॅटरीत पातळी वरच्या-खालच्या रेषांमध्ये ठेवा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं, बोअरचं किंवा आरओचं नको, आणि ॲसिड तर नकोच, कारण उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. हवेची बारीक नळी दबलेली नाही ना, तिचं तोंड चेनवर येत नाही ना, हेही बघा. मेंटेनन्स-फ्री बॅटरीचं झाकण मात्र उचकटू नका.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवली, की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे बसतात आणि मग चार्ज धरत नाही. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज द्या. दारात पाच मिनिटं गाडी नुसती चालू ठेवून काही भरत नाही. २०१७ पासूनच्या गाड्यांचा हेडलाइट सतत चालू असतो आणि आयडलवर बराचसा करंट तोच घेतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणा. बीएस-६ इंजेक्शनच्या गाडीला तर पंप आणि ईसीयूसाठी बॅटरीत जीव लागतोच. किक नसलेली गाडी अगदी उतरलेल्या बॅटरीवर ढकलूनही सुरू होत नाही.

बॅटरी बदलायचीच असेल, तर जुनी भंगारात देऊ नका, दुकानातच परत करा. त्यातलं शिसं आणि ॲसिड घातक आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवी. परतीची किंमत नव्या बॅटरीच्या बिलातून वजा करून घ्या, आणि वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख व शिक्का आहे ना, हे निघण्याआधी पाहा.