पार्श्वभूमी : एका रेषेवर थांबलेले पट्टे

एन्झाइममधल्या, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांमधल्या, फरकांवर आयुष्य घालवणाऱ्या एखाद्या शास्त्रज्ञाचं काम समजून घ्यायचं तर 1966 पासून सुरुवात केलेली बरी. त्याआधी निसर्गात असे फरक फार की थोडे यावर दोन तट होते, दोघांकडे भक्कम मतं होती आणि मोजमाप जवळपास कुणाकडेच नव्हतं. त्या वर्षी शिकागोच्या दोन संशोधकांनी रानातल्या चिलटांच्या एका जातीतल्या 18 जनुकांची प्रथिनं जेलवर, म्हणजे विजेचा प्रवाह सोडलेल्या चिकट थरावर, पळवली; प्रत्येक प्रथिन जिथे थांबतं तिथे रंगवल्यावर एक पट्टा दिसतो. सुमारे 30 टक्के जनुकांची एकाहून जास्त रूपं निघाली आणि एकेका चिलटात सरासरी 12 टक्के जनुकं मिश्र (आईकडून एक रूप, बापाकडून दुसरं) आढळली. त्याच वर्षी लंडनमध्ये माणसाच्या रक्तातल्या एन्झाइमवरही तसंच चित्र दिसलं. निसर्गात इतकी विविधता असेल असं फार थोड्यांना वाटलं होतं. (चिलट म्हणजे सडक्या मोसंबीवर, केळीच्या सालीवर घोंघावतं ते. आपल्याकडे पेरू-आंबा पोखरते ती फळमाशी वेगळ्या कुळातली.)

एवढे फरक टिकतात कसे, या प्रश्नावर दोनच वर्षांत जपानमधून उत्तर आलं: यातले बहुतेक फरक जिवाच्या फायद्याचे नाहीत की तोट्याचे नाहीत, ते योगायोगाने वाढतात आणि योगायोगाने नाहीसे होतात. या मांडणीला आधार होता 1957 मधल्या एका गणिताचा. एक जनुक बदलून दुसरं रूढ व्हायला निसर्गनिवडीची किती किंमत मोजावी लागते, याचं ते गणित. ते मांडणारा ब्रिटिश शास्त्रज्ञ त्याच वर्षी कोलकात्याला येऊन राहिला, पुढे भारताचा नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला. आपल्याच गणितावर असा सिद्धांत उभा राहिलेला पाहायला तो नव्हता.

खरा गुंता मात्र मोजणीतल्या एका साध्या निर्णयात होता, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही. जेलवर प्रथिन किती पुढे सरकतं ते मुख्यतः त्याच्या विद्युतभारावर ठरतं. दोन नमुन्यांचे पट्टे एकाच रेषेवर थांबले की ते एकाच रूपाचे धरायचे, असा रिवाज सुरुवातीलाच पडला. सोयीसाठी तो ठीक होता. पण प्रथिन ज्यांचं बनतं त्या अमिनो आम्लांचे सगळेच बदल भार बदलत नाहीत. ढोबळमानाने तीनातला एखादाच बदल असा पकडला जातो. म्हणजे वेगळे पट्टे दिसले तर फरक नक्की आहे, एक पट्टा दिसला तर तो नाही असं म्हणता येत नाही. तरीही पुढची दहा वर्षं शेकडो प्रजातींचे तक्ते याच रिवाजावर भरले गेले, आणि ‘योगायोग की निवड’ हा वाद त्याच आकड्यांवर लढला गेला.

1976 मध्ये हा रिवाज तपासला गेला. अमेरिकेत काम करणाऱ्या एका भारतीय वंशाच्या संशोधकाने, 1966 च्या त्या जोडीतल्या एकाच्या प्रयोगशाळेत, झँथिन डिहायड्रोजिनेज हे एकच एन्झाइम घेतलं. चिलटांच्या 146 वंशांमधून ते काढून जेलची दाटी बदलून पाहिली, द्रावणाची आम्लता बदलली, उष्णता देऊन कोणतं रूप किती तग धरतं ते पाहिलं. नेहमीच्या पद्धतीने जिथे 6 रूपं मोजली गेली होती, तिथे 37 निघाली.

टीकाकारांचं म्हणणं होतं की हे एन्झाइमच मुळात बहुरूपी आणि मोठं. दुसऱ्या अनेक एन्झाइमवर तीच खटपट केली तर फारसं काही हाती लागत नाही. यात तथ्य होतं. पण तेवढ्यावर प्रश्न मिटला असं मानणं घाईचं झालं, असं माझं मत आहे. मोजपट्टीच आखूड असेल तर तिच्यावर उभ्या केलेल्या दोन्ही बाजूंच्या गणिताचं काय, हे कुणी नीट विचारलं नाही. सगळे पुढच्या तंत्राकडे वळले.

ते तंत्र 1983 मध्ये आलं. दारू पचवणाऱ्या एन्झाइमचं, म्हणजे अल्कोहोल डिहायड्रोजिनेजचं जनुक 11 चिलटांच्या वंशांमधून अक्षरशः वाचलं गेलं. 43 जागी फरक सापडले, पण प्रथिन बदलणारा त्यातला एकच. जेलवर ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ म्हणून वर्षानुवर्षं दिसत होता तो हाच: 192 व्या जागी एकात थ्रिओनिन, दुसऱ्यात लायसिन. इथे जेलने काही लपवलं नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. शिवाय विषुववृत्तापासून दूर जावं तसं ‘फास्ट’चं प्रमाण वाढतं. हे अमेरिकेत दिसलं, ऑस्ट्रेलियात दिसलं. दोन खंडांत योगायोग सारख्याच दिशेने चालतो, हे पटायला जड आहे.

1976 चं काम करणारा संशोधक पुढे कॅनडात स्थिरावला. 1980 च्या दशकात त्याच्या गटाने जगभरच्या चिलटांमधल्या 117 जनुकांची प्रथिनं तपासली. नंतर नराच्या प्रजननाशी निगडित प्रथिनं इतरांपेक्षा वेगाने बदलतात, हे तिथूनच पुढे आलं. नव्या जाती कशा तयार होतात या प्रश्नाशी त्यामुळे पट्ट्यांचा संबंध जोडला गेला. कारकिर्दीचा हा उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतका रोचक वाटत नाही, पण उद्धृत तोच जास्त होतो.

मराठवाड्यात जेलचं तंत्र आलं तेव्हा वाद मागे राहिला होता, उपयोग पुढे होता. कपाशीवरच्या हिरव्या बोंडअळीवर सिंथेटिक पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांची फवारणी निकामी होऊ लागली, तेव्हा अळीतलं ईस्टरेज, म्हणजे कीटकनाशक निकामी करू शकणारं एन्झाइम, तपासण्याला महत्त्व आलं. हा फरक उपयोगाचा की निरुपयोगी, हे तिथे विचारायचीही गरज नव्हती. अळी मरत नव्हती. प्रयोगाची अडचण वेगळीच. अर्क थंड ठेवावा लागतो आणि जेलही. एप्रिल-मे मधलं ऊन आणि मध्येच गेलेली वीज यांत एन्झाइम टिकत नाही. म्हणून रंगवायला सोपी ईस्टरेज-पेरॉक्सिडेज आणि हिवाळ्यातलं वेळापत्रक, हेच परवडतं.

जालन्याच्या बियाणे व्यवसायात मात्र तो जुना रिवाज थेट पैशाशी भिडतो. संकरित बियाण्याची शुद्धता पाहायची तर एरवी ग्रो-आउट टेस्ट: नमुना पेरायचा, झाडं फुलावर येईपर्यंत थांबायचं, भेसळ मोजायची. संकरित कपाशीला किमान 90 टक्के जनुकीय शुद्धता लागते. जेलवर हेच काम दिवसा-दोन दिवसांत होऊ शकतं, कारण खऱ्या संकरात आईचा आणि बापाचा असे दोन्ही पट्टे उमटतात. एन्झाइम दोन तुकड्यांचं असेल तर मधोमध तिसराही. मक्यात हे सुरेख जमतं.

कपाशीत फसतं. अमेरिकन कपाशीत दोन जुन्या जातींचे जनुकसंच कायमचे एकत्र आलेले आहेत, त्यामुळे शुद्ध वाणातही अनेक पट्टे दिसतात. त्यात नांदेड-44 सारख्या संकरात आई आणि बाप दोघंही अमेरिकन कपाशीचेच. त्यांच्यात वेगळा पडेल असा पट्टा आधी शोधावा लागतो, आणि नाही सापडला तर सेल्फ झालेलं (स्वतःच्याच परागाने धरलेलं) मादीचं बी आणि खरं संकरित बी जेलवर सारखंच दिसतं. लॉट पास झाला याचा अर्थ मग एवढाच उरतो की फरक दिसला नाही.

आता ही चाचणी डीएनए मार्करवर, म्हणजे डीएनएमधल्या ओळखखुणेवर, होते. तिथे भाराचा प्रश्न नाही, पण आई-बापाला वेगळं दाखवणारा मार्कर आधी निवडावाच लागतो, आणि एकाच मार्करवर लॉटचा निकाल द्यायचा की चार-पाच लावायचे, हा खर्चाचा हिशेब तसाच आहे.