राज्य गेलं, वकील उरला

जुन्या मराठी कागदपत्रांत ‘वकील’ भेटला की काळा कोट विसरावा लागतो. परक्या दरबारात बसवलेला आपला माणूस, तो वकील. हिंगणे घराण्यानं दिल्लीत पेशव्यांची वकिली पिढीजात केली. गोविंदराव काळे निजामाकडे हैदराबादेत होते. कोणाची फौज कुठे हलली, कोण कोणावर रुसलं, हे सगळं पत्रांतून पुण्याला कळायचं. मर्जी राखायला जे वाटावं लागे, ते हिशेबात ‘दरबारखर्च’ म्हणून पडे. शब्द आजही चालण्यासारखा आहे.

समुद्रापलीकडची वकिली मात्र अवघड. राघोबादादांचे वकील हणमंतराव १७८१ मध्ये लंडनला होते. सोवळ्यात स्वयंपाक करायचा कुठे, हीच पहिली अडचण. ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य एडमंड बर्क यांनी बीकन्सफील्डच्या आपल्या घरातलं काचघर त्यांना मोकळं करून दिलं.

साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांची अडचण चुलीची नव्हती. पेशवाई बुडवल्यावर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याचं राज्य दिलं खरं, पण २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात एक पाचर मारून ठेवली: बाहेरच्या कोणाशीही बोलायचं ते रेसिडेंटमार्फतच, म्हणजे दरबारात बसवलेल्या इंग्रज अधिकाऱ्यामार्फतच. म्हणजे राजा ठेवला आणि त्याचा वकील काढून घेतला. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आळ आला, तो याच कलमावर बोट ठेवून. १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं.

त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले. कंपनीचे संचालक त्यांना वकील मानायलाच तयार नव्हते. अर्ज मुंबई सरकारमार्फत यावा, म्हणे. ज्यांनी गादीवरून उतरवलं, त्यांच्याच हातून तक्रार! मग रंगो बापूजींनी दुसरी वाट धरली. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या इंडिया हाऊसमध्ये, म्हणजे कंपनीच्या मुख्य कचेरीत, भागधारकांच्या सभा भरत आणि तिथे संचालकांना जाब विचारता येई. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्पसन अशी मंडळी साताऱ्याच्या बाजूनं उभी राहिली. इंग्रजीत निवेदनं छापून वाटली गेली. पाहुण्या वकिलानं यजमानाच्या घरातलंच लोकमत आपल्याकडे वळवायचं, ही आजच्या दूतावासांची नित्याची रीत रंगो बापूजींना गरजेपोटी सापडली.

दरम्यान १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीत वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या जागी बसवलेले भाऊ आप्पासाहेबही गेले, आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीनं सातारा खालसा केला. धनी नाही, राज्य नाही, वकील मात्र लंडनमध्येच. देणी वाढत गेली. १८५३ मध्ये कंपनीनंच ती भागवून त्यांना बोटीवर बसवलं. या खटाटोपात चौदा वर्षं गेली होती.

चारच वर्षांनी, ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर इंग्रजांविरुद्धच्या उठावाच्या कटाबद्दल सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. ते स्वतः मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.