आठवा दिवस, चार बहिणी आणि न थांबणारं रक्त

ज्यू लोक सुंता आठव्या दिवशी करतात कारण बाळाचं रक्त त्याच दिवशी सगळ्यात चांगलं गोठतं, हा फॉरवर्ड परत फिरतोय. हे खरं नाही. रक्त गोठवायला मदत करणारं प्रोथ्रॉम्बिन हे प्रथिन तान्ह्या बाळात मोठ्यांपेक्षा बरंच कमी असतं आणि भरून यायला महिने लागतात. ते बनवायला लागणारं व्हिटॅमिन केही बाळात कमी असतं, म्हणून तर जन्मल्याबरोबर ते टोचतात. पण त्याच परंपरेतलं खरं निरीक्षण याहून भारी आहे!

तालमुद या ज्यू धर्मग्रंथात दुसऱ्या शतकातल्या सेफोरिस (आजच्या इस्रायलमधल्या) गावच्या चार बहिणींची गोष्ट येते. तिघींची मुलं सुंतेनंतर दगावली, चौथी विचारायला आली तर रब्बी (ज्यू धर्मगुरू) शिमोन बेन गामलिएल म्हणाले, नको करूस. म्हणजे हा धोका (बहुधा हिमोफिलिया, रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) आईच्या बाजूने येतो हे त्यांनी ओळखलं होतं.

आता यामागचं शरीरातलं गणित बघा. कापलं की आधी प्लेटलेट्स येऊन भोक बुजवतात, वनराई बंधाऱ्यात गोण्या रचतात ना तसं, पण फटींत माती लिंपली नाही तर पाणी झिरपणारच. ती माती म्हणजे फायब्रिनचं जाळं, आणि ते नीट विणायला रक्तातली फॅक्टर 8 आणि 9 ही दोन्ही प्रथिनं लागतात. हिमोफिलियात यातला एक कमी पडतो, त्यामुळे रक्त थांबल्यासारखं वाटतं आणि काही तासांनी परत वाहू लागतं. दोन्ही फॅक्टरचे जीन एक्स क्रोमोसोमवर, आईकडे एक्स दोन असतात त्यामुळे एक बिघडला तरी तिचं सहसा निभावतं, मुलाकडे मात्र एकच, तोही आईकडूनच आलेला.

रक्ताची ही भीती शस्त्रक्रियेतही दिसते. स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळचा शल्यवैद्य अल-झहरावी (इ.स. 1013 च्या सुमारास वारला) सुंता करताना वस्तऱ्यापेक्षा कात्री पसंत करायचा, कारण दोन्ही पाती सारखी असली की काप सरळ येतो. मुलाला सांगायचं की फक्त दोरा बांधतोय, कात्री लपवून ठेवायची, पुढच्या कातडीला एक दोरा, खाली दुसरा, दोन्ही घट्ट आवळायचे आणि मधोमध झटकन कापायचं. जुन्या वैद्यांनी यावर काहीच लिहिलेलं नाही, त्यांच्यात सुंता नव्हती, असंही तो सांगतो.

याच माणसाने एका गावाबद्दल लिहून ठेवलंय, तिथले पुरुष आणि मुलगे साध्या जखमेनेही रक्त वाहून मरायचे. जखम डागून बघावी असं त्याने सुचवलं, आणि पुढे सरळ लिहिलं की मी हे करून पाहिलेलं नाही, याचं कारणही मला माहीत नाही.