कोकिळेची पिल्लं आणि मिडविच गाव

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. इंग्लंडातला कुकू त्याहून निष्ठुर: त्याचं डोळे न उघडलेलं पिल्लू शेजारची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर लोटतं. इंग्रज लेखक जॉन विंडम यांच्या १९५७च्या ‘द मिडविच कुकूज’ कादंबरीत घरट्याच्या जागी अख्खं खेडं आहे आणि अंडी घालणारे परग्रहावरचे. तिच्यावरून १९६०मध्ये ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ हा चित्रपट आला.

हॉलीवूडच्या एमजीएम कंपनीला तो आधी अमेरिकेत करायचा होता, अभिनेते रोनाल्ड कोलमन यांना घेऊन. पण अविवाहित मुलींसकट गावातल्या बायका पुरुषसंबंधाशिवाय गरोदर राहतात, यात धार्मिक मंडळींना येशूच्या कुमारी मातेची विटंबना दिसली आणि काम अडकलं. १९५८मध्ये कोलमन वारले. मग चित्रपट गेला इंग्लंडात, कंपनीच्या लंडनजवळच्या बोरहॅमवुडच्या स्टुडिओकडे. मुख्य भूमिका जॉर्ज सँडर्स यांनी केली. दिग्दर्शक वुल्फ रिला मूळचे बर्लिनचे; हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांचं कुटुंब लंडनला आलं. एकसारखी सोनेरी केसांची, एका मनाने चालणारी मुलं दुसरं महायुद्ध संपून पंधरा वर्षं होत असताना पडद्यावर आली, तेव्हा ब्रिटिश प्रेक्षकाला त्यांच्यातलं नाझींशी साम्य समजावून सांगायची गरज नव्हती.

मिडविच म्हणून दिसतं ते स्टुडिओजवळचं लेचमोर हीथ. तळं, पब, हिरवळ, सगळं खरं. (इस्कॉनचं भक्तिवेदांत मॅनर तिथलंच, लंडनच्या मराठी मंडळींना हे गाव जन्माष्टमीच्या गर्दीमुळे माहीत असेल.)

कादंबरीतली साठेक मुलं इथे बारावर आली. त्यांना फिक्या सोनेरी केसांचे टोप घातले आणि टोपांना आतून भर दिली. त्यामुळे डोकी जराशी मोठी दिसतात, पण काय खटकतंय ते चटकन कळत नाही. ही मुलं दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेतात तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. ती चमक फिल्मच्या प्रयोगशाळेतली: बुबुळांवर पांढरा आकार चढवायचा. मूल जरा जरी हललं तरी तो आकार डोळ्यावरून घसरणार. म्हणून अशा बहुतेक जागी चित्रच गोठवलंय. मुलांचा म्होरक्या डेव्हिड झालेला मार्टिन स्टीव्हन्स आणि दुसरं मूल एकाच चौकटीत असतील, तर गोठलेलं अर्धं आणि हलतं अर्धं जोडावं लागलं. ही तांत्रिक अडचणच चित्रपटाला लाभली; पापणी न लवणारी ती नजर अभिनयातून आली नसती. ब्रिटनमधल्या मूळ प्रतींत चमक नव्हती, नुसती रोखलेली नजर होती. आमच्या मते भीती त्या प्रतींत जास्त आहे.

शेवटी मनातलं वाचणाऱ्या या मुलांपासून बॅगेतला बॉम्ब लपवायला सँडर्स यांचा प्राध्यापक झेलाबी एकच गोष्ट मनात धरून बसतो: विटांची भिंत. रिला तीच भिंत त्याच्या चेहऱ्यावर चढवून दाखवतात. मुलं रोखून बघतात, एकेक वीट निखळते, आणि मधूनमधून घड्याळ दिसत राहतं.