चिकटलेली बोटं सोडवण्याची शस्त्रक्रिया: महाग नेमकं काय?

जरा घासलं तरी कातडीवर फोड यावा, अशा आनुवंशिक विकारांच्या गटाला एपिडर्मोलायसिस बुलोसा, थोडक्यात ईबी, म्हणतात. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिख क्योब्नर यांनी १८८६ मध्ये हे नाव वापरलं आणि ते टिकलं. कारण कळायला मात्र शतक लोटलं. १९६२ मध्ये रॉजर पिअरसन यांनी कातडीचा नेमका कोणता थर सुटतो हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि त्यानुसार प्रकार पाडले. सातव्या प्रकारचं कोलॅजेन १९८० च्या दशकात सापडलं, तर ते घडवणाऱ्या जनुकातले दोष १९९३ मध्ये. वरची कातडी खालच्या थराशी बांधून ठेवणारे तंतू याच कोलॅजेनचे असतात. आई आणि वडील, दोघांकडूनही सदोष जनुक आलं की मुलाला रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिक ईबी होतो. हात मिटतात ते मुख्यतः या प्रकारात.

मिटतात कसे? हात दिवसभर कशाला ना कशाला घासत असतो. फोड फुटतो, जखम भरते, व्रण आकसतो, त्याच जागी पुन्हा फोड. बोटांच्या बेचक्यांत समोरासमोरच्या जखमा एकमेकींना चिकटूनच भरून येतात. नखं आधीच गेलेली असतात. अंगठा तळव्याकडे ओढला जातो, बोटं वाकतात आणि शेवटी अख्ख्या पंजावर कातडीचा कोश चढतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय ईबी नोंदवहीत १९८६ ते २००२ या काळात जमलेल्या माहितीनुसार, तीव्र प्रकारात विसाव्या वर्षापर्यंत ही वेळ येण्याचं प्रमाण ९८ टक्के होतं. कोशाच्या आत बोटं मात्र सुटी असतात. हाडं जुळलेली नसतात. म्हणूनच शस्त्रक्रियेला अर्थ आहे.

आणि या शस्त्रक्रियेला लागणारी बहुतेक साधनं जुनीपुराणी आहेत. जाक रेव्हर्दाँ यांनी कातडीचे बारीक तुकडे जखमेवर लावून दाखवले १८६९ मध्ये. पातळ थराचं त्वचारोपण कार्ल थिअर्श यांनी १८७४ च्या सुमारास रुळवलं, पूर्ण जाडीचं जॉन वुल्फ यांनी १८७५ मध्ये. बोट सरळ धरून ठेवायला हाडांत घालायची तार मार्टिन किर्शनर यांची, १९०९ ची. कोशाला छेद देऊन, शक्य तिथे कापण्याऐवजी बोथट साधनाने थर सोडवत, तो मोज्यासारखा उतरवतात. मग बेचक्या मोकळ्या करतात, अंगठा बाहेर काढतात, बोटं हळूहळू सरळ करतात. इथे घाई चालत नाही. वर्षानुवर्षं वाकलेल्या बोटातल्या रक्तवाहिन्या आखूड झालेल्या असतात. एकदम ताणलं तर बोटाचा रक्तपुरवठाच धोक्यात येतो. जेवढं सरळ होईल तेवढ्यावर समाधान मानून तार घालायची.

भूल देणं हे वेगळंच काम. चिकटपट्टी काढताना खालची कातडीही निघून येते, म्हणून सलाईनची सुई चिकटवत नाहीत, बँडेजने बांधतात. तोंड नीट उघडत नाही, त्यामुळे नळी घालणं अवघड. काही ठिकाणी फक्त हात बधिर करून, सोबत गुंगीचं औषध देऊन भागवतात. यंत्रसामग्रीपेक्षा इथे अनुभवी माणूस जास्त लागतो.

त्वचारोपण करायचं की नाही, यावर शल्यचिकित्सकांत एकमत नाही. ज्याच्या अंगावर धड कातडी नाही त्याच्याच मांडीवरून ती काढायची म्हणजे आणखी एक जखम पत्करायची. म्हणून काही जण तळव्यावर आणि अंगठ्याच्या बेचकीत तेवढंच रोपण करतात आणि बाकीचं मलमपट्टीखाली आपोआप भरू देतात. प्रसूतीनंतर टाकून दिलं जाणारं गर्भवेष्टन जखमेवर लावण्याची युक्ती १९१० पासून नोंदलेली आहे. ईबीच्या जखमांवरही ती वापरली गेली आहे. दुसऱ्या टोकाला, जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५ मध्ये दाखवलेल्या पद्धतीने प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी आणि कृत्रिम त्वचा आहेत. त्यांनी कातडी काढण्याच्या जागेची जखम वाचते किंवा लहान होते, पण खर्च कित्येक पटींनी वाढतो आणि मूळ दोष जिथल्या तिथेच राहतो.

या साऱ्या इतिहासातली बोचणारी गोष्ट म्हणजे हात पुन्हा मिटतो, बहुधा दोन ते पाच वर्षांत. त्यामुळे स्वस्त उपचार म्हणजे शस्त्रक्रियेचं बिल कमी करणं, असं मला वाटत नाही. पैसा आणि श्रम जातात ते त्यानंतर: न चिकटणाऱ्या पट्ट्या, रोज बेचक्यांत गुंडाळायची गॉज, बोटं सरळ धरून ठेवणारं रात्रीचं स्प्लिंट, मूल वाढेल तसं ते पुन्हा बनवणं. स्प्लिंट सुटलं की केलेली शस्त्रक्रिया फुकट जायला वेळ लागत नाही. फिलिस हिल्टन यांनी १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये आपल्या मुलीच्या नावाने डेब्रा ही संस्था काढली, तेव्हापासून घरच्या घरी करायच्या या काळजीला निदान कुणीतरी वाली मिळाला.

स्वस्त गोळी शोधण्याचे प्रयत्नही झाले. फेनिटॉइन या फिटच्या औषधावर मोठी भिस्त होती. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत ते फोल ठरलं. २०१५ मध्ये रक्तदाबावरच्या लोसार्टानने उंदरांच्या पंजांतलं जुळणं लांबवलं आणि पुन्हा आशा वाटू लागली. ते औषध सर्वत्र मिळतं, हे विशेष. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेलं जनुकीय जेल जखमा भरून आणतं, पण जुळलेली बोटं त्याने सुटत नाहीत, आणि ते अतिशय महाग आहे.

तोवर हात तुटपुंज्या साधनांनीच सोडवावे लागतात. शक्यतो एका वेळी एकच हात घेतात, म्हणजे दुसऱ्या हाताने रुग्णाचं अडलेलं काम कसंबसं चालू राहतं. पाचही बोटं सरळ करणं जमणार नसेल, तर आधी अंगठा मोकळा करतात. अंगठा आणि एखादं बोट यांची चिमूट जमली की चमचा धरता येतो, पेन धरता येतं, बटणही लावता येतं.